टाचलेली पानं

९ जून

बारके,

'तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार' यात तू दीड ओळ घालवतेस आणि मग मुद्द्याच्या गोष्टीला कागद पुरत नाही. यापुढे 'ताई' एवढं पुरे. फोनचं म्हणशील तर तो नकोच. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. पत्रात दोघींनाही ते करता येत नाही.

तुझी मागणी वाचली. 'जिच्यात कुणीच मरत नाही अशी एखादी कादंबरी पाठव.' तुझ्या घड्याळजींना जाऊन आठ महिने झाले, वाचल्याशिवाय तुझा दिवस जात नाही आणि वाचायला घेतलं की तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी डोळे मिटतं. समजतं मला. म्हणून चार दिवस कपाटासमोर स्टूल घेऊन बसले आणि अकरा कादंबऱ्या चाळल्या. एकीत आजोबा जातात, एकीत आई, एकीत बैल जातो आणि लेखकाने त्याच्यावर आईपेक्षा जास्त पानं खर्च केली आहेत. कुणीच मरत नाही अशी एक सापडली, पण ती इतकी वाईट आहे की पहिल्या प्रकरणातच सगळे गेले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा उपाय असा केला आहे. सोबत दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी पाठवते. फार चांगली आहे. तिची पानं १५२ ते १६६ मी कडेने टाचण्या लावून बंद केली आहेत. वर चिठ्ठी आहे: 'एवढंच समज. म्हातारा आता नाही, मुलगी दिवा लावते.' तेवढं वाचून पान १६७ वर जायचं. गोष्ट कुठे तुटत नाही, मी तपासलं आहे.

टाचण्या काढायच्या की नाही ते तू ठरव. काढल्यास तरी मला सांगायचं नाही, आणि मी कधीही विचारणार नाही. हा आपला नेम. पुस्तकं परत पाठवू नकोस, माझं कपाट वाकलं आहे.

आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे ते जुळारी तुला आठवत असतील. मी निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी चहाला येतात आणि माझं टपाल टाकतात. टाचण्या पाहून म्हणाले, "बाई, एकतीस वर्षं प्रुफं तपासून लोकांच्या चुका काढल्यात, आता मरणंही काढायला लागलात?" मी म्हटलं, "मरण काढता येत नाही. झाकता येतं."

वेळेवर जेव.

ताई


२८ जून

ताई,

(बघ, एका शब्दात आटपलं.)

पुस्तक मिळालं. टाचण्या पाहून आधी हसले, मग हसले म्हणून रडले. फोनवर नव्हते, त्यामुळे तुला ओरडता आलं नाही. चार दिवसांत वाचून संपवलं. आठ महिन्यांत पहिलं पूर्ण पुस्तक! ती मुलगी पहिल्यांदा दिवा लावते आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहते, ते वाचून मी पुस्तक मिटून नुसतीच बसले होते. आणि ते कुत्रं. म्हाताऱ्याच्या काठीशेजारी बसून राहिलेलं, कुणालाही काठी हलवू न देणारं. दोन दिवस डोळ्यांसमोरून हललं नाही. वाईट वाटलं, पण श्वास अडकला नाही.

दुकान अजून बंदच आहे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली चौदा घड्याळं आत आहेत. रोज सकाळी कुलूप उघडते, सगळ्यांना किल्ली देते आणि कुलूप लावून परत येते. हे म्हणायचे, किल्ली द्यायची तर एकाच वेळी सगळ्यांना द्यावी, नाहीतर आपापसात भांडतात. चौदा टकटक ऐकल्या की घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

बदल्यात एक रहस्यकथा पाठवते. पहिल्याच पानावर एक शेठजी मरून पडलेला आहे, पण तो मला चालतो. आधीच मेलेल्या माणसाशी आपली ओळख कुठे झालेली असते?

आणखी एक असंच पाठव. टाचून.

बारकी


१७ जुलै

बारके,

रहस्यकथा वाचली. खुनी माळी आहे हे मला पान चाळीसवर कळलं, कारण लेखकाने इतर कुणाचं वर्णन करायला एवढे कष्ट घेतलेले नाहीत. शिवाय शेठजीचा चष्मा पान बारावर सोन्याचा आहे आणि पान नव्वदवर शिंगाचा. असली प्रुफं मी पास केली असती तर मालकांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

काठीशेजारच्या कुत्र्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. नेम म्हणजे नेम, मी काही विचारत नाही. एवढंच म्हणते की मला बरं वाटलं.

सोबत दोन कादंबऱ्या. रोपवाल्यांच्या कुटुंबाची आहे ती आधी वाच. तिची पानं ८८ ते ९५ कसरीने खाल्ली होती. जुळारींकडे दुसरी प्रत निघाली, तिच्यावरून ती आठ पानं मी हाताने उतरवून आत घातली आहेत. नेमकं त्याच पानांत नको ते घडतं, म्हणून माझे कागदही टाचले आहेत. चिठ्ठी वर आहेच. जुळारींना म्हटलं, एकदा तुम्हीही वाचा ही कादंबरी. तर म्हणाले, "चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचली बाई, आता सुलटी दिसली की डोळे गरगरतात."

दुकानाचं कुलूप उघडतेसच, तर परत लावायला एवढी घाई कशाला करतेस?

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

तुझ्या शेवटच्या ओळीने मला आठ दिवस टोचलं आणि नवव्या दिवशी मी कुलूप लावलं नाही. सकाळचे दोन तास दुकान उघडं असतं. पट्टे बदलता येतात, सेल घालता येतात. बाकी काही आलं की 'बघते' म्हणते आणि खरोखर बघत बसते. चौदापैकी पाच घड्याळांचे मालक येऊन घेऊन गेले. घर जरा शांत झालं आहे. ते चांगलं की वाईट, अजून ठरलं नाही.

दुसरी बातमी. इथल्या वाचनालयात शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात जण बसतो आणि सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतो. एक निवृत्त नर्सबाई आहेत, पुस्तक आवडलं की टेबलावर थाप मारतात. एक वकीलसाहेब प्रत्येक कादंबरीचा शेवट सांगून टाकतात, म्हणून त्यांना आम्ही सगळ्यात शेवटी बोलू देतो. मला 'टाचणीवाली' म्हणतात. तुझी रोपवाल्यांची कादंबरी नेली होती. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, उघडून बघा ना एकदा, मला तर राहवलंच नसतं." मी काय उत्तर दिलं ते नेमामुळे तुला सांगत नाही.

शनिवारी माझ्याकडे सगळ्यात जास्त पुस्तकं असतात सांगायला. माझी बहीण पाठवते, असं मी जरा मोठ्यानेच म्हणते.

तू इकडे का येत नाहीस गं? थंडीत नको, तुझे गुडघे. मेमध्ये ये. तुला शनिवारच्या टेबलावर बसवते आणि वकीलसाहेबांची मजा बघते.

बारकी


८ नोव्हेंबर

बारके,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

दुकान उघडलंस, चांगलं केलंस. वकिलांना सांग, शेवट सांगणाऱ्याला आमच्या छापखान्यात शेवटचा चहा मिळायचा.

सोबत दोन जावांच्या शिवणाच्या दुकानाची कादंबरी. संवाद उत्तम आहेत. आत, पान १४० पाशी, हाताने लिहिलेला एक टाचलेला कागद आहे. या वेळी चिठ्ठीवर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून ती कोरी ठेवली आहे. नेम नेहमीचाच.

ताई


(पान १४० पाशी घातलेला, चार घड्यांचा, दोन टाचण्या लावलेला कागद)

बारके,

हे मला तोंडाने सांगता येणार नाही आणि उघड्या पत्रात लिहिताही येत नाही. म्हणून टाचून पाठवते. दीपगृहातल्या कुत्र्याबद्दल तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं की तू टाचण्या काढतेस. ते कुत्रं फक्त बंद पानांत आहे. तेव्हापासून बंद पानांच्या समासात मी तुझ्याशी बोलत आले आणि तू त्याचा कधी उच्चारही केला नाहीस. तुझी ही समज मला फार आवडली. आपल्या घरात ती कुणालाच नव्हती, मला तर नाहीच.

तर, माझ्या पोटात गाठ आहे. दोन डॉक्टरांना दाखवलं. त्या दोघांचं दुसऱ्या कशावर कधी एकमत झालं नसेल, माझ्यावर झालं. कापून उपयोग नाही. पुढचा उन्हाळा दिसेल असं नाही.

मला तू इथे यायला हवी आहेस. शुश्रूषेला नको, तिला माणूस मिळतं. माझ्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची आहे, तिच्यात बसून रोज थोडं वाचून दाखवायला. मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे मागताना कसं लिहितात ते ठाऊक नाही. चुकलं असेल तिथे सुधारून घे.

येणार असशील तर उत्तरात फक्त दिवस लिही. झेपणार नसेल तर तसं एका ओळीत लिही, मी पुन्हा विषय काढणार नाही. तुझ्या घरात एक मरण नुकतंच होऊन गेलं आहे, हे मी विसरलेले नाही.

ताई


२६ नोव्हेंबर

ताई,

पुस्तक आणि आतला कागद, दोन्ही पोचलं. कोरी चिठ्ठी पाहून चर्र झालं. तू कधी शब्दाला अडत नाहीस. तुलाच सुचलं नाही म्हणजे आत फारच वाईट असणार, एवढं मला कळलं. त्याच्यापुढे मला झेपणार नाही गं. रागावू नकोस. हल्ली कुठे सकाळी उठल्या उठल्या बरं वाटायला लागलं आहे, ते मला घालवायचं नाही. एवढं माफ कर आणि आपण दुसऱ्या गोष्टी बोलू.

धाकटी जाऊ भारी आहे. गिऱ्हाईकाला म्हणते, "कापड तुमचं, माप तुमचं, मग बिघडलं तर दोष माझा कसा?" हे वाक्य मी दुकानात वापरलं. एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या होत्या, सारखं मागे पडतं म्हणून तक्रार. मी म्हटलं, "भिंत तुमची, खिळा तुमचा, दोष माझा कसा?" त्या हसल्या आणि घड्याळ ठेवून गेल्या. आणि ताई, मी ते दुरुस्त केलं! उघडलं, पुसलं, लंबकाचा नट अर्धा फेरा फिरवला. तीन दिवस झाले, बरोबर चालतं आहे. हे असते तर म्हणाले असते, "नशीब म्हण." पण हातात घेऊन दोनदा पाहिलं असतं.

मेचं नक्की धरते. तुझ्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी करते आहे.

बारकी


१५ डिसेंबर

बारके,

रागावले नाही. कळायला हवं होतं मला. तुला सकाळी उठल्यावर बरं वाटतं हे वाचून जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन. आपण दुसऱ्या गोष्टी बोलू.

लंबकाचा नट फिरवलास, हे नशीब नव्हे. हात आहे तुला. लहानपणी माझं कंपासपेटीतलं कर्कटक तूच नीट केलं होतंस आणि मी, न विचारता हात लावलास म्हणून तुला धपाटा घातला होता.

सोबत दोन पुस्तकं. पहिली बोटीवरच्या स्वयंपाक्याची, दुसरी एका नकाशे काढणाऱ्या बाईची. दोन्ही टाचली आहेत. दुसरीचा शेवट घाईत केला आहे. लेखकाला कुठेतरी जायचं असावं.

मे लांब आहे. खोलीसाठी फार धावपळ करू नकोस.

ताई


६ जानेवारी

ताई,

हे काय पत्र? एवढीशी चार बोटं. आणि तुझं अक्षर! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्यास आणि आता तुझ्याच ओळी उतरणीला लागल्या आहेत. चष्म्याचा नंबर बदलला असणार. जुळारींना घेऊन जा आणि डोळे तपासून ये. नाहीतर मीच येऊन नेते.

स्वयंपाक्याची कादंबरी शनिवारी सांगितली, नर्सबाईंनी तीनदा टेबल बडवलं. नकाशेवाली अर्ध्यावर आहे.

या वेळी उलटं काम तुझ्याकडे. एका बाईंची कादंबरी पाठवते. शाळेत घंटा देणारी बाई आहे, तिच्यावर सगळी गोष्ट. मी पान शंभरपर्यंत वाचलं आणि इतकी आवडली की थांबले. ती खोकायला लागली आहे. वकीलसाहेब तोंड उघडणार होते, नर्सबाईंनी त्यांना गप्प केलं. तेव्हा तू पुढची वाच, लागतील तिथे टाचण्या लाव आणि मला परत पाठव. घंटावाली अगदी तुझ्यासारखी आहे. एक मिनिट उशीर झाला तरी मुख्याध्यापकांनासुद्धा बोलते.

बारकी


२ फेब्रुवारी

बारके,

हात थरथरतो, म्हणून मी सांगते आहे आणि जुळारी लिहून घेताहेत. शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या आहेत. चाळीस वर्षं खिळे जुळवले, पण 'आणि'ला अजून दुसरी वेलांटी देतात.

घंटावाली चांगली आहे. मला आता फार वेळ वाचवत नाही, म्हणून तेच वाचून दाखवतात. सुलटी अक्षरं. सावकाश वाचतात, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबतात, मला ते चालतं. टाचणी अजून कुठे लावावी लागलेली नाही. तू निवडलेल्यांपैकी पहिलंच पुस्तक असेल की ज्यात मला सुधारायला काही सापडलं नाही.

नवं पुस्तक या वेळी पाठवत नाही. आधीची पुन्हा वाच. चांगलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचावं, पहिल्यांदा आपण पुढे काय होतं याच्याच मागे असतो.

ताई

ता. क. हे बाईंनी सांगितलेलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. धाकट्या बाई, ज्याला वाचता येतं त्याला आणखी काय सांगायचं? पण अजून यायचं मनात असेल तर आत्ता या.


१ मार्च

धाकट्या बाईंना जुळारीचा नमस्कार.

तुम्ही परत गेल्याला आठ दिवस झाले. बाईंची खोली आवरली. शेजारच्यांनी खुर्च्या मागितल्या, एक दिली, एक दिली नाही.

तुम्हाला जे बोललो ते मनातून जात नाही. बाई तेराला दुपारी गेल्या आणि तुम्ही चौदाला सकाळी दारात उभ्या राहिलात. हातात टेबलावर ठेवायचा दिवा होता. "ताईला हल्ली अक्षर दिसत नाही ना," म्हणालात. तेव्हा माझं डोकं फिरलं. "तीन महिने कागद हातात असून आज दिवा घेऊन आलात?" असं मी भरल्या घरात ओरडलो. तुम्ही म्हणालात, "कुठला कागद?" मी तुम्हाला खोटारड्या म्हटलं. "घरी जा, शिवणाच्या कादंबरीत बघा आणि मग मला तोंड दाखवा," म्हटलं. तुम्ही तो दिवा कोपऱ्यात ठेवलात आणि बाईंच्या पायांशी बसलात.

मला वाटलं होतं, तुम्ही वाचून बसला आहात. बाईंनाही तसंच वाटलं होतं. तुमचं नोव्हेंबरचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं होतं. 'झेपणार नाही' असं त्यात तुमच्याच हाताने लिहिलेलं आहे. मी म्हटलं, "मी फोन करतो." त्या म्हणाल्या, "नाही. तिने उत्तर दिलं आहे. ते तपासायचं नसतं." दुसऱ्यांचं सगळं तपासलं, तुमचं तेवढं तसंच पास केलं.

तुम्ही खरंच उघडला नव्हता का? उघडला नसेल तर मी तुमचा अपराधी आहे. उघडला असेल तरी मी कोण विचारणारा?

घंटावालीचं पुस्तक परत पाठवतो. बाईंनी पान १८२ पर्यंत ऐकलं. तेराला सकाळी मी पुढे वाचणार होतो, त्या म्हणाल्या, "आज नको, उद्या." आता मला पुढे जाववत नाही आणि न वाचताही राहवत नाही. माझी एक विनंती आहे. तुम्ही पुढचं वाचा, वाईट असेल तिथे बाईंसारखी टाचणी लावा, वर चिठ्ठी लावा आणि मला पाठवा. टाचण्यांची डबी सोबत आहे. ती त्यांच्या उशाशी होती.

जुळारी


२४ मार्च

जुळारीभाऊ,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण वाचायचं बरंच होतं.

मी तो कागद उघडला नव्हता. एकही टाचणी कधी काढली नव्हती. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "बहिणीने माझ्या डोळ्यांवर धरलेला हात आहे तो. तो झटकायचा कसा?" रोपवाल्यांच्या पुस्तकात तिने हाताने उतरवलेली पानं होती, तसाच हाही कागद असेल असं मी धरून चालले. 'झेपणार नाही' म्हटलं ते एका कादंबरीला म्हटलं. ते तिने स्वतःला लावून घेतलं, आणि मला उत्तर लिहिलं की रागावले नाही.

इथे पोचल्यावर मी आधी तो कागद उघडला. त्याबद्दल काही लिहीत नाही. मग दीपगृहाची कादंबरी काढली. ताईने लिहिलं आहे की कुत्रं फक्त बंद पानांत आहे. भाऊ, तसं नाही. पान १७१ वर, खालून तिसऱ्या ओळीत, ते कुत्रं पुन्हा एकदा येतं. एकच ओळ. 'काठीपाशी कुत्रं अजून बसलेलं होतं आणि कुणाला ती हलवू देत नव्हतं.' मी तेवढीच ओळ वाचली होती. जिच्या नजरेतून शेठजीचा चष्मा सुटला नाही तिच्या नजरेतून ही ओळ सुटली, आणि मी नेम पाळला म्हणून ती चूक तिला कुणी दाखवली नाही.

मग बाकीच्या सगळ्या टाचण्या काढल्या. सहा पुस्तकं. पहिल्याच्या समासात काही नाही, छपाईच्या दोन चुका तेवढ्या सुधारल्या आहेत. दुसऱ्यापासून मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात माझ्याशी बोलली आहे. रोपवाल्यांच्या पानांत: 'घड्याळजी गेले त्या दिवशी मी तुला पुरे आता म्हणाले होते. ते वाक्य काढून टाक.' आणि शेजारी, प्रुफात नको असलेल्या शब्दावर करतात ती खूण. पुढच्या एकात: 'एकटीने जेवायचा मला कंटाळा येतो. हे तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.' स्वयंपाक्याच्या पुस्तकात: 'तू येणार नाहीस याचा राग नाही.' त्याच्याखाली पुन्हा: 'राग नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिताना तो होता.' नकाशेवालीत एकच ओळ आहे, वाकडी. 'समोरची खुर्ची मी हलवलेली नाही.'

तुम्ही एक खुर्ची दिली नाहीत म्हणता. कुठली ती मी विचारत नाही. ती तुमच्याकडेच ठेवा, मी एप्रिलमध्ये येते आहे. शनिवारच्या मंडळींना तसं सांगितलं आहे.

तुम्ही मला बोललात त्याचं मनात काही नाही. तुम्ही तिथे होतात. सुलटी अक्षरं वाचलीत तिच्यासाठी.

आता घंटावालीचं. पान १०० पासून शेवटपर्यंत मी काल दुकानात बसून वाचलं. गिऱ्हाईक आलं तर 'थांबा' म्हणाले. सोबत पुस्तक पाठवते आणि टाचण्यांची डबी माझ्याकडे ठेवते. एकही टाचणी लावलेली नाही, जुळारीभाऊ, आणि वर चिठ्ठीही नाही. घंटावाली पान २०४ वर जाते. सकाळी, पहिल्या घंटेच्या आधी. तिथल्या समासात मी तुम्हाला लिहिलं आहे.

वाचा.

बारकी